कधी न बिघडणाऱ्या ट्रॅक्टरच्या गावी

लोणावळ्याला माणसं कशाला जातात ते कोणाला सांगायला नको. थंड हवा, गरम भजी, येताना चिक्कीची पिशवी, आणि लग्न नवं असेल तर एकमेकांचे फोटो. मी मे महिन्यात तिथे ट्रॅक्टर बघायला गेले. वय अठ्ठावन्न, प्राथमिक शाळेतून निवृत्त, बरोबर कोणी नाही. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, तुझी तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी होती. आमचं गाव आजऱ्याजवळ. घनसाळ भाताची साडेतीन एकर, सगळी लहान लहान खाचरं. हे गेल्या मार्गशीर्षात गेले. तोवर नांगरट, चिखलणी सगळं त्यांच्याकडे. माझ्याकडे शाळा, आणि सुट्टीच्या दिवशी बांधावर जेवण नेणं. त्यांचा पॉवर टिलर अजून सोप्यात उभा आहे, पण तो वळवायला मनगटात जी ताकद लागते ती माझ्यात नाही. एकदा प्रयत्न केला. टिलर गेला शेजाऱ्याच्या उसात आणि मी बसले चिखलात.

मुलगा निखिल बंगळूरला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "आई, जमीन काकांच्या मुलाला वाट्याने दे आणि इकडे ये." त्याच्या फ्लॅटवर मी राहून आले आहे. पोरं चांगली आहेत, सूनही चांगली आहे, पण सगळी सकाळी जातात ती अंधार पडल्यावर येतात, आणि बाल्कनीतून दुसऱ्यांच्या बाल्कन्या दिसतात. शिवाय एकदा दुसऱ्याच्या नांगराखाली गेलेली जमीन माझ्या वयाच्या बाईकडे परत येत नाही, हे मला आमच्या गावात बघून ठाऊक आहे. पावसाच्या आत मला स्वतःला चालवता येईल असं काहीतरी दारात यायला हवं होतं. नाहीतर यंदाचं भात माझं नव्हतं.

लहान ट्रॅक्टर म्हणजे खाचरात मावेल, चिखलात रुतणार नाही आणि माझ्यासारखीला पाय पोचतील असा. पर्याय दोन होते. एक पांढरा, त्याची विक्री कोल्हापुरात. दुसरा तांबडा, त्याचं दुकान आजऱ्यातच, पत्र्याच्या शेडमध्ये. कंपन्यांची नावं घालत नाही. मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाशी भांडणही नको. ह्यांनी पांढरा ठरवला होता. एका प्रदर्शनात त्यावर बसून आले होते, आणि घरी जेवताना आमटीची वाटी बाजूला सारून तो जागच्या जागी कसा वळतो ते मला ताटाभोवती बोट फिरवून दाखवलं होतं. त्यामुळे माझ्याही मनात पांढराच होता. फक्त खात्री करायची होती. कोल्हापूरचा विक्रेता म्हणाला, "बाई, मावळात जाऊन बघा. भातखाचरात हे ट्रॅक्टर तिकडं चार-पाच हंगाम चाललेत. आपल्याकडं आत्ता कुठं यायला लागलेत." हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हटलं, जाऊनच बघू.

लोणावळा

काम सगळं कामशेतच्या बाजूला, पण राहायची ओळखीची जागा तिथे मिळेना, म्हणून लोणावळ्याच्या बाजारातल्या एका लॉजवर गेले. शुक्रवार होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "किती जण?"

"एक."

"बाकीचे मागून येतायत का?"

"बाकीचे नाहीत."

आता त्यांनी मान वर केली. माझ्या मागे दारापर्यंत बघून घेतलं. मग आधार कार्ड मागितलं, ते उलटंपालटं केलं, आणि कशाला आलात विचारलं. ट्रॅक्टर बघायला म्हटल्यावर त्यांना ते खोटं वाटलं असावं, कारण लोणावळ्याला त्यासाठी कोणी येत नाही. तरी खोली दिली. खोलीत दोन टॉवेल, दोन साबण, दोन कप, आणि भिंतीवर दोन हंसांचं चित्र. मी एक टॉवेल कपाटात ठेवून दिला.

संध्याकाळी खाली जेवायला बसले. चौघांचं टेबल मला एकटीला मिळालं. थोड्या वेळाने एक मुलगा आला, "काकू, ही खुर्ची घेऊ?" घे म्हटलं. मग दुसऱ्या टेबलावरची एक बाई आली, तिनेही विचारलं. तिसरी वेटरनेच उचलली, त्याने विचारलंसुद्धा नाही. मी वरणभात मागवला होता. भात बासमती होता, लांब आणि मोकळा, हात लावला की शीत न् शीत वेगळं. आमच्या घनसाळाचं एक शीत दुसऱ्याला सोडत नाही.

आमच्याकडे आजऱ्यात एकटी बाई हॉटेलात बसली तर मालक गल्ल्यावरून उठून येतो आणि "कुणाच्या घरच्या तुम्ही?" असं विचारतो. मला या चौकशीचा आयुष्यभर राग आला. बाईमाणसाने चहासुद्धा घराण्याचा दाखला देऊन प्यायचा की काय? लोणावळ्यात मला कोणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगते, तेही बरं वाटलं नाही. ह्यांच्यानंतरचं माझं हे पहिलंच बाहेरचं जेवण होतं. पान अर्धं टाकून उठले.

कामशेत

पांढऱ्याचं दुकान हमरस्त्याला लागून, काचेचं, थंडगार. इस्त्रीचा शर्ट घातलेला विक्रेता पुढे आला आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत म्हणाला, "सर गाडी पार्क करतायत का?"

"सर नाहीत."

"मग सर कधी येतील, मॅडम? दोघांनी एकत्र बघितलेलं बरं असतं."

"ते येणार नाहीत. वारले ते."

बिचारा. त्याने मला लगेच कोल्ड्रिंक आणून दिलं. नंतर मात्र त्याने नीट दाखवलं. मला बसवलं, पाय पोचतात का बघितलं, मागच्या आवारात चालवायला दिला. काय सांगू, लोण्यातून सुरी फिरावी तसा तो ट्रॅक्टर चालला. चारही चाकांना ओढ, बोटाने फिरेल असं स्टिअरिंग, आणि खरंच जागच्या जागी वळणारा. मी आवाराच्या दोन फेऱ्या जास्तच मारल्या. ह्यांनी ताटाभोवती फिरवलेलं बोट आठवलं आणि पदराने डोळे पुसले. विक्रेत्याला वाटलं धूर गेला.

उतरल्यावर मी विचारलं, "दुरुस्तीचं काय?"

"मेंटेनन्स फ्री आहे, मॅडम."

"चिखलात राबणारी वस्तू, आणि मेंटेनन्स फ्री? माझा नवरासुद्धा मेंटेनन्स फ्री नव्हता."

तो हसला आणि एक नंबर दिला. देशात कुठूनही लावा, पैसे पडत नाहीत, चोवीस तास सेवा. मी तिथेच, त्याच्यासमोर लावून बघितला. आधी सनई वाजली. मग एका मुलीने हिंदीतून माझा कॉल त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे ते सांगितलं. परत सनई. विक्रेता म्हणाला, शनिवार आहे ना. मी म्हटलं, गाळ शनिवार-रविवार बघत नाही. पण मन ट्रॅक्टरवर गेलेलं होतं. मी फोन बंद केला आणि तो विषय सोडून दिला. त्यानेही जास्त ताणलं नाही. "मॅडम, मी सांगून काय उपयोग? वडिवळ्याला जा. आमचेच पाच ट्रॅक्टर आहेत एका आळीत. त्यांना विचारा." आणि अशोकभाऊ म्हणून एका शेतकऱ्याचा पत्ता दिला. सोमवारी या, असं भाऊंनी फोनवर सांगितलं.

तांबड्याचं दुकान शोधत बाजारात गेले. अर्धं शटर खाली, आत टायर, पेट्या, तेलाचे डबे. एक माणूस नट धूत बसला होता. मालक कुठे विचारलं, तर म्हणाला, "शेठ लोहगडवाडीला गेलेत. एक ट्रॅक्टर बंद पडलाय तितं."

"मालक स्वतः?"

"व्हय. स्वताच जातात."

मला तो प्रकार मुळीच पटला नाही. दारात आलेलं गिऱ्हाईक टाकून मालक पाना घेऊन डोंगरात हिंडतो, हा काय धंदा झाला? शिवाय बंद पडलाय म्हणजे यांचा ट्रॅक्टर बंद पडतो. मनातल्या मनात तांबड्यावर फुली मारली आणि लॉजवर परत आले.

भाजे, लोहगडवाडी

रविवार रिकामा होता. खोलीत बसले असते तर हंस मोजत बसले असते. तेव्हा लोकलने मळवलीला उतरले आणि पुलावरून भाज्याकडे चालत निघाले. निदान तो बंद पडणारा ट्रॅक्टर तरी बघू, म्हटलं.

मे महिन्यात मावळ पिवळं असतं. खाचरं तडकलेली, बांधावर गवताची काडी नाही, आणि मधूनच काळे चौकोन. पालापाचोळा पसरून राब भाजलेला. त्याच राखेत पुढे रोप टाकायचं. इथे त्या रोपाला दाढ म्हणतात, आमच्याकडे तरवा. डोंगराच्या कड्यात लेणी दिसत होती, आणि तिथे जायच्या पायऱ्यांवर रंगीत टोप्यांची रांग. मी लेण्याकडे वळले नाही. एकटीने गारव्यात बसायला मला तेव्हा नको वाटत होतं.

पुढे जीपमध्ये जागा मिळाली. लोहगडवाडीला उतरल्या उतरल्या एका घोळक्याने माझ्या हातात फोन दिला. "आजी, एक फोटो काढता?" एकाचा काढला तर दुसरे उभे. गड, आकाश आणि दात काढलेली पोरं, असे बरेच फोटो काढले. त्यातली एक मुलगी भली होती. ती म्हणाली, "आजी, तुमचा काढू का?" मी माझा फोन दिला, पदर नीट केला, उभी राहिले. फोटो छान आला. नंतर तो कोणाला पाठवायचा ते कळेना. निखिलला पाठवला असता तर त्याने आधी, तू तिथे काय करतेस, असं विचारलं असतं. मी कुठे जाते ते त्याला सांगितलंच नव्हतं.

एका छपराखाली हिराबाईंचा पिठलं-भाकरीचा धंदा होता. भाकरी तांदळाची, पांढरीशुभ्र आणि मऊ. आमच्याकडे नाचणीची जास्त. हिराबाई माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. "एकल्याच आलाय गड बघाया?" त्यांनी विचारलं.

"गड नाही, ट्रॅक्टर बघायला."

त्यांनी तवा सोडून माझ्याकडे बघितलं. "कंचा? आमचा?"

तो छपरामागेच उभा होता, तांबडा, मागे पाण्याची टाकी जोडलेली. वर वाडीला उन्हाळ्यात पाणी नसतं. हिराबाईंचा नवरा त्यावर खालून पाणी आणतो, पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणतो, पावसाळ्यात आपलं शेत करतो. कसा आहे विचारायचा अवकाश, हिराबाईंनी त्याचा उद्धार सुरू केला.

"लय नखऱ्याचं हाय ते. सारकं बिगडतंय. कवा पट्टा तुटतोय, कवा तेल गळतंय. काल बी उभा हुता रस्त्यात."

"मग?"

"मग काय, फोन करायचा. येतो त्यो कामशेतचा. काल बी आलता. नीट केला, च्या घेतला, गेला."

"लगेच येतो?"

"न्हाई आला तर आमी काय करनार? वाडीत ट्रॅक्टर हाय कुनाचा? आमचा एकल्याचाच. त्यो उभा ऱ्हायला की वाडीला पानी न्हाई. मंग समदी आमाला बोलत्यात."

मी फक्त पहिलं ऐकलं. सारखा बिघडतो. चला, म्हटलं, बरं झालं, वेळेत कळलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, हिराबाईंनी पिठलं दोनदा वाढलं, आणि निघताना "परत या, पन कुनाला घिऊन या," असं म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. जीपमध्ये मला ते सगळ्या वाटेवर पुरलं.

वडिवळे

वडिवळ्याला उतरले तेव्हा अशोकभाऊ रस्त्यावर येऊन थांबले होते. पन्नाशीचे, पांढरी टोपी नाही, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. "जयभीम, बाई. लांबनं आला."

"जयभीम, भाऊ."

धरणाच्या खालचं गाव, त्यामुळे इथे उन्हाळ्यातही डोळ्याला हिरवं दिसतं. घर कौलारू, समोरच्या खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताज्या फुलांचा हार. भाऊंच्या बायको सुमनताईंनी पाणी दिलं, आणि मी खुर्चीत टेकते न टेकते तोच आळीतले आणखी चौघे येऊन बसले. पाच ट्रॅक्टरचे पाच मालक. सगळे पांढरे.

मी म्हटलं, "कोरड्यात मी चालवून बघितलाय. सुक्यात सगळेच शूर. मला चिखलात बघायचाय."

भाऊ म्हणाले, "ठावं हुतं मला. पानी सोडलंय रातीच."

त्यांनी माझ्यासाठी, कधी न बघितलेल्या बाईसाठी, एक खाचर भिजवून ठेवलं होतं. आमच्याकडे असं कोणी करेल का, याचा मी विचार करत बसले नाही, कारण उत्तर आवडलं नसतं. चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि बसले. मागचा चिखल घुसळणारा रोटर सोडला, गिअर टाकला. चिखलातही तसाच. चाक रुतलं असं वाटलं की पुढची चाकं ओढून काढायची. मागे वळून बघितलं तर चिखल पुरणासारखा एकजीव झालेला. एका कोपऱ्यात मात्र माझं वळण चुकलं, रोटर बांधाची कड घेऊन गेला, आणि त्या कडेवर माझी डावी चप्पल होती. चपलेचा पत्ता लागला नाही. पाचही मालक पोटभर हसले, मीही हसले. किती दिवसांनी हसले कोणास ठाऊक.

"भाऊ, खरं सांगा," मी विचारलं. "बिघडतो का?"

"न्हाई."

"एकदाही नाही?"

"बाई, चार हंगाम झालं. एकदा बी काम आडलं न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. "कंदी न्हाई," एक जण म्हणाला. मी तिथेच ठरवलं. पांढरा घ्यायचा. परत गेल्यावर आधी कोल्हापुरात उतरायचं आणि सांगून टाकायचं. ह्यांचं बरोबर होतं, असं म्हणायला मला फार बरं वाटत होतं.

सुमनताईंनी जेवायला आत बसवलं. धरणातल्या मासळीचं कालवण आणि इंद्रायणीचा भात. चिकट, गोडसर, वाफेला वास. घनसाळाची सर नाही असं मी घरी म्हटलं असतं, पण त्या दिवशी तिसऱ्यांदा भात घेतला. भाऊ आणि इतर मंडळी ओट्यावर बसली होती, दार उघडं होतं. मी सहज विचारलं, "ताई, तुमची चिखलणी किती दिवस चालते?"

"आळीतली समदी धरून पंधरवडा. एका साली आमचा ट्रॅक्टर न्हवता तरी तेवड्यातच झाली."

"का? कुठे होता ट्रॅक्टर?"

"हितंच की. गोठ्यात. म्होरल्या चाकातनं तेल गळाया लागलं, आत चिखल गेला. पार्ट कुटं मिळंना. लावनी सरली तवा आला."

माझा घास हातातच राहिला. "अहो, भाऊ तर म्हणाले कधी बिघडला नाही."

भाऊंनी ओट्यावरूनच उत्तर दिलं. आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट मीच काहीतरी विचित्र विचारलंय असं त्यांना वाटत होतं. "न्हाईच बिगडला, बाई. काम कुटं थांबलं? इर्जिक हाय आमची. ज्याचा उभा ऱ्हायला त्याच्या शेतात दुसऱ्याचा जातो. माझा उभा हुता तवा ह्यांनी करून दिलं. मागल्या साली ह्यांचा क्लच गेलता, तवा म्या गेलतो."

"माझा बी गेलता क्लच," दुसरे एक म्हणाले. मग तिसऱ्यांना हायड्रॉलिकचं आठवलं. चौथ्यांचं बॅटरीचं होतं. एकेक करून पाचही ट्रॅक्टर कधी ना कधी उभे राहिलेले निघाले, आणि पाचही जण मला मनापासून सांगत होते की यातला एकही बिघडलेला नाही. काम थांबलं तर बिघडला म्हणायचं. काम तर कधी थांबलं नव्हतं. ज्याच्या शेतात माणसं येतात त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचं जेवण असतं, आणि नंतर लक्षात राहतं ते जेवण. ट्रॅक्टर कोणाचा होता हे कोणी लक्षात ठेवत नाही.

सुमनताईंनी माझ्या पानात कालवण घालत साधाच प्रश्न विचारला. "तुमच्याकडं कोन येतं मंग?"

आमच्याकडे पूर्वी पैरा होता. तुम्ही आमच्याकडे एक दिवस, आम्ही तुमच्याकडे एक दिवस. पण पैऱ्यात माणूस आला तर माणूस परत द्यावा लागतो, आणि माझ्या घरात द्यायला माणूस नाही. गेल्या वर्षीपर्यंत हे जात होते. यंदा मला कोणी विचारलंही नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं? हे सगळं मी सुमनताईंना सांगायला लागले आणि मधेच रडू आलं. ताट पुढ्यात ठेवून, परक्या घरात, हात खरकटा. मला माझीच लाज वाटली. सुमनताईंनी काही समजूत घातली नाही. त्या माझ्याजवळ सरकून बसल्या आणि माझं आवरेपर्यंत बसून राहिल्या.

निघताना त्यांनी आपल्या चपला मला घालायला दिल्या, एक आकडा मोठ्या. कामशेतपर्यंत फटफट वाजवत आले, आणि त्या वाटेवर मला लोहगडवाडीच्या हिराबाई आठवत राहिल्या. त्यांचा ट्रॅक्टर सारखा बिघडत होता, कारण त्यांच्या वाडीत तो एकटा होता. पट्टा तुटला की लगेच दिसायचा. झाकायला शेजारी दुसरा ट्रॅक्टर नव्हता, म्हणून प्रत्येक बिघाड मोजला जायचा. पांढराही तितकाच बिघडत असेल, कमी बिघडत असेल, देव जाणे. यंत्र म्हणून तो चांगलाच आहे, यात मला अजून शंका नाही. पण तो चांगला पाच घरांच्या आळीत आहे. मी त्याला माझ्या दारात नेऊन उभा केला असता, तर माझ्याकडे एक सनई वाजवणारा नंबर आणि कोल्हापूरपर्यंतचा रस्ता, एवढंच उरलं असतं. आणि तिकडे तांबड्याचा मालक गिऱ्हाईक टाकून डोंगर चढून गेला, याचा मला राग आला होता. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. मला तर एक चप्पल आणि एक जेवण लागलं.

कामशेत स्टेशनच्या बाकावर बसून मी आजऱ्यातल्या तांबड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये फोन लावला. दत्ता म्हणून दुकानदार आहे. दुसऱ्या घंटेला उचलला.

"दत्ता, तुझा ट्रॅक्टर बिघडतो का रे?"

"बिघडतोय की, बाई. लोखंडच हाय. चिखलात घातल्यावर बिघडणार न्हाईतर काय करणार?"

"मग कोण येणार?"

"मी. मी नसलो तर बायको फोन उचलती, आणि मला असंल तिथनं हुडकून काढती. बारीकसारीक पार्ट दुकानातच असत्यात. मोठं काम निघालं तर दोन दिवस जातील, ते आत्ताच सांगतो."

"मी एकटी आहे, दत्ता."

"म्हाईत हाय की बाई. म्हणून तर म्हणतोय, मी येतो."

मी त्याला होय म्हणून टाकलं. समोरून एक गाडी न थांबता गेली. मग मी मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्ही ठरवलेला नाही घेत. तुम्ही असता तर तोच घेतला असता. तुम्ही नाही, म्हणून नाही घेत. असं स्पष्ट मी त्यांना हयातीतही कधी बोलले नव्हते. वाईट वाटलं, आणि त्याला इलाज नव्हता.

घर

तांबडा आला. त्याला पांढऱ्याची सफाई नाही. वळायला दोनदा मागेपुढे करावं लागतं, आणि बसल्यावर हाडं खुळखुळतात. निखिलला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, जरा रागावला, मग म्हणाला, "चालव सावकाश."

पाणी झाल्यावर चिखलणी काढली. पहिली दोन खाचरं मी एकटीने केली. बांधावरून जाणारे थांबून बघत होते, मी बघितलं की पुढे जात होते. तिसऱ्या खाचरात चाक बांधाला लागलं, इंजिन बंद पडलं आणि परत सुरू होईना. किल्ली फिरवली, काही नाही. परत फिरवली, काही नाही. दत्ताला फोन केला. "निघालोच," म्हणाला.

फोन ठेवल्यावर माझं लक्ष सीटजवळच्या दांड्याकडे गेलं. रोटर फिरवायचा दांडा टाकलेला असेल तर हे इंजिन चालूच होत नाही. कोणाला इजा होऊ नये म्हणून कंपनीने तशी सोय केलेली असते. दांडा टाकलेलाच होता. तो वर घेतला, किल्ली फिरवली, आणि पहिल्या झटक्याला ट्रॅक्टर सुरू झाला.

मी तो बंद केला. दत्ता अजून आजऱ्याच्या बाहेरही पडला नसेल. येऊ नकोस म्हणून एक फोन केला असता तर पुरलं असतं. मी खाली उतरले, पाटाच्या पाण्यात पाय धुतले, घरी गेले, आणि दोघांच्या अंदाजाने तांदूळ धुवायला घेतले.